मागचा डावा कोपरा

वकीलबाईंची गाडी बारा दिवसांत दुसऱ्यांदा बसली, आणि या वेळी कानवाल्या मिस्त्रींकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

बसली म्हणजे बंद पडली नव्हे. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, चाकांवर रबराचे हवा भरलेले फुगे आहेत. कंप्रेसर त्यांत हवा भरतो आणि अख्खी गाडी त्या हवेवर तोलून राहते. चालते मोठी अलगद. वकीलबाईंच्या आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, दर तिसऱ्या दिवशी तिला उपचाराला न्यायचं, आणि साध्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला म्हातारी कळवळायची. म्हणून ही गाडी. आणि तीच सकाळी पाहावी तर मागचा डावा कोपरा चार बोटं खाली, एका कुल्ल्यावर भार देऊन बसल्यासारखी.

मिस्त्रींचं नाव उभं होतं ते त्यांच्या कानावर. हातभर रबरी नळी, एक टोक कानात, दुसरं गाडीच्या अंगावरून फिरवायचं, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं. चाळीस वर्षं हेच. साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधत बसणं हे देवाने कान न दिलेल्यांचं काम, असं ते चारचौघांत म्हणत. बढाई खरी असली की माणूस ती सोडत नाही, तसं झालं.

पहिल्या खेपेला त्यांनी चारही फुग्यांभोवती नळी फिरवली. काही ऐकू आलं नाही, म्हणजे गळती नाही. कंप्रेसरला हात लावला तर चटका बसला. निदान झालं, नवा कंप्रेसर बसला, वकीलबाई खूश होऊन गेल्या.

आता त्या दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मिस्त्री, उद्या अकराला आईला न्यायचंय. वाटेत ही बसली तर मी उचलू कोणाला, आईला की गाडीला?"

"बघतो ना."

"बघा कशाला, ऐका. त्यासाठीच येतात ना लोक तुमच्याकडे?"

त्यांनी पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, गाडीखाली सरकले. काहीच नाही. नव्या कंप्रेसरला हात लावला. तोही तापलेला. बारा दिवसांचं यंत्रही धापा टाकत होतं. कंप्रेसर मुळात का तापतोय, हा प्रश्न त्यांना बारा दिवसांपूर्वीच पडायला हवा होता.

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. गॅरेजमागेच घर, आणि सुट्या भागांचं कपाट तिच्या ताब्यात. ती दाराशीच थबकली.

"अहो, हे काय फुसफुसतंय?"

"कुठे?"

"मागे, डाव्या चाकाशी. ट्यूबला काटा लागल्यासारखं."

वकीलबाईंनी मान तिरकी केली. "हो की. मला वाटलं तुमचंच काहीतरी चालू आहे."

मिस्त्री गाडीखाली तसेच पडून राहिले. नळी कानात होती. नळीचं दुसरं टोक फुग्यापासून वीतभर लांब होतं, आणि दाराशी उभ्या बाईला ऐकू येणारी हवा त्यांना ऐकू येत नव्हती. गेली दोन वर्षं ते म्हणत होते की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, फोनची घंटा बिघडली आहे, नातीचा आवाज बारीक आहे. बायको "ऐकलंत का" म्हणे, ते "हो" म्हणत, आणि मग तिने काय सांगितलं होतं ते संध्याकाळी भांडणातून कळे.

ते बाहेर आले. बायकोने त्यांचं तोंड पाहिलं आणि लगेच सुरुवात केली, "यांनी मला सकाळीच सांगितलं होतं की मागचा फुगा..."

"थांब." ते वकीलबाईंकडे वळले. "फुगा गळत होता. गेल्या वेळीही तोच. हवा कमी पडते म्हणून बिचारा कंप्रेसर दिवसभर राबत होता, म्हणून तापत होता. मी ताप उतरवला नि दुखणं तसंच ठेवलं."

"चुकलं काय, काम की कान?"

"दोन्ही."

बायको आत गेली आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी बाटलीत भरून आणलं. मिस्त्रींनी गाडी चाकांवरच उभी ठेवली, कारण उचलली की फुगा ताणला जातो आणि घडीतली चीर लपते. पाणी मारलं. रबराच्या खालच्या घडीत, मातीच्या रेघेसारख्या दिसणाऱ्या भेगेवर, शांतपणे बुडबुड्यांचा घोस वर आला. कुठल्याही शिकाऊ माणसाला दिसला असता.

नवा फुगा दुपारी आला. तो बसवताना आधी हवा आणि मग वजन, उलटं केलं तर घडी चिमटून नवाच फुगा फाटतो. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. हात शाबूत होते, एवढं तरी त्यांच्या लक्षात आलं.

"ये, ऐक जरा," ते बायकोला म्हणाले.

"काही नाही."

"नीट ऐक."

"अहो, काही नाही म्हणते ना."

तरी त्यांनी साबण मारलाच. सकाळी उठल्या उठल्या टेप घेऊन चारही चाकांवरची उंची मोजली. सारखी.

साडेदहाला वकीलबाई आईला रिक्षातून घेऊन आल्या. म्हातारीला मागच्या सीटवर बसवायला मिस्त्री स्वतः पुढे झाले, पाय अलगद आत घेतले. दार लावणार तोच म्हातारीने वर बघून काहीतरी विचारलं. तिचे ओठ हललेले तेवढे दिसले. कालपर्यंत त्यांनी हसून "हो हो" म्हटलं असतं.

ते खाली वाकले आणि कान पुढे केला. "आजी, जरा मोठ्याने बोला. मला कमी ऐकू येतं."