बंदुकीचा नेम

नवी पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात मी मिक्सर घेऊन गेलो होतो. माझ्या आधी एक गृहस्थ प्लास्टिकच्या छर्‍यांची बंदूक घेऊन आले होते. बाळाचं नाक पुसावं तशी ते तिची नळी रुमालानं पुसत होते.

"छर्रा डावीकडं पळतोय," त्यांची तक्रार.

कारागिरानं आतलं सुकलेलं रबर बदलून दिलं. लगेच या गृहस्थांनी समोर सावलीत झोपलेल्या कुत्रीवर नेम धरला. माझं डोकंच फिरलं. मी मध्ये जाऊन उभा राहिलो.

"तिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"काय न्हाय. बंदूक बघायला नको व्हय?" मग अगदी अदबीनं म्हणाले, "काका, सरका की. चुकून तुमाला लागंल."

माझी केवढी ती काळजी!