आत्याचा मान

लग्नानंतर नऊ वर्षांनी भावाला मुलगी झाली. मी त्याची एकुलती एक बहीण, तेव्हा नाव ठेवायचा मान माझा. आमच्याकडे आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते आणि मागे उभ्या बायका तिच्या पाठीत धबाधब बुक्क्या घालतात. नऊ वर्षं मी त्या बुक्क्यांची वाट बघत होते.

बारशाच्या चार दिवस आधी आईचा मिरजेला फोन आला.

“टिकली लावून ये. सुनंच्या म्हायेरची मान्सं येणार हायती, त्यास्नी काय बी ठावं न्हाई. तेवढं केलंस तर नाव तूच ठेव.”

आम्ही नवराबायकोने बाप्तिस्मा घेतला त्याला बरीच वर्षं झाली. टिकली काढ, असं मला चर्चमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मंडळीतल्या कितीतरी बायका लावतात. माझी मीच सोडली, आणि तिचं मला वावडंही नाही. पण ही टिकली लपायला होती आणि ते माझ्याच्याने होणार नव्हतं. तसं सांगितल्यावर आईने फोन ठेवला. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” असं नवरा म्हणाला, म्हणून त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. आडमुठेपणा माझ्या अंगात आधीपासूनच आहे, तो देवाच्या माथी मारू नये.

पलूसजवळच्या आमच्या गावी पोहोचलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. माझं मोकळं कपाळ बघून भावजयीच्या आजीने मला जवळ बसवलं आणि माझा हात हातात घेतला.

“कवा गेलं गं तुजं मालक?”

मालक बाहेर मांडवात घुगऱ्या खात होते. मी बोट करून दाखवलं. म्हातारी चक्रावली.

“मग कपाळ असं का?”

“आमी ख्रिस्ती झालोय, आजी.”

आजीने हात सोडला, अगदी हळू सोडला. भावाने माझ्याकडे न बघता चुलत बहिणीला पाळण्यापाशी बोलावलं. तिने नाव ठेवलं, तिच्या पाठीत बुक्क्या बसल्या, हशा पिकला. मी भिंतीला पाठ लावून बसले होते. भावाचा राग आला नाही. स्वतःचा आला. सगळं ठरवून आल्यावर रडू कशाला यावं?

संध्याकाळी पाहुण्या बायका निघाल्या तशी आई कुंकवाची कोयरी घेऊन दारात उभी राहिली. एकेकीला कुंकू लावत ती माझ्यापर्यंत आली आणि तिचं बोट थांबलं. आता ही लावणार आणि मी नको म्हणणार, एवढंच राहिलं होतं. तिने कोयरी उंबऱ्यावर ठेवली.

“मागं फिर,” म्हणाली.

मला वाटलं, घालवून देते आहे. मी पाठ फिरवली. पाठीत जोरात बुक्की बसली, पाठोपाठ दुसरी.

“आत्या हाईस न्हवं तू? जा आता. यष्टी चुकंल.”

आईचा हात शेतातला, चांगलाच लागला. मिरज येईपर्यंत मी सीटला पाठ टेकली नाही.