परग्रहावरची चूल

मंडळी, माझ्या विज्ञानकथेत परग्रहावर एक म्हातारा मरतो. मी लिहिलं होतं, 'त्या घरात चूल पेटली नाही.' काल ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "तिथे चूल कुठून आली? लाकडं तरी मिळतात का?" आधी डोकंच फिरलं, मग पटलं. आज सकाळी ते वाक्य खोडायला बसलो.

तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "समोरचे काका गेले रे. आज त्यांच्याकडे चूल पेटायची नाय. मी पिठलं-भात टाकते."

परळची चाळ पाडून आम्हाला या टॉवरमध्ये आणलंय. चूल आईनेही फक्त गावी पाहिलेली. तरी दुपारी ते लोक स्मशानातून परतले, तशी ती पातेली घेऊन समोर गेली.

काकांच्या मुलाने दार अर्धंच उघडलं. "कशाला त्रास घेतलात मावशी? आम्ही ऑनलाइन मागवलंय."

दार बंद झालं. आईने पातेली ओट्यावर ठेवली आणि पदराला हात पुसत विचारलं, "मी गेल्यावर तू काय मागवशील रे?"

ते वाक्य मी खोडलेलं नाही. आईला काय उत्तर देऊ, ते मात्र तुम्हीच सांगा.