आधी दोरी, मग नाव

दुरुस्तीच्या दुकानात प्रत्येक कामानंतर एखादा स्क्रू उरतोच. टाकवत नाही, म्हणून तो डब्यात जातो. ब्रह्मपुरीच्या आमच्या दुकानातले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. दुकान रशीदभाऊंचं. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही राईस मिलची यंत्रं चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपचे बोर्ड बनवायला लागलो. प्रोग्राम सुधाकर लिहायचा, वायरिंग माझ्याकडे.

*

मिलवाले वासुदेवभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "एकच चिप इतकी कामं कशी करते जी?"

रशीदभाऊंनी वायरी डाखायचं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. "मी सोल्डर करून राह्यलो. तुम्ही आले, मी थांबलो. याले इंटरप्ट म्हनते. आता घरून बेगमची हाक आली, तर तुमचं बोलनं अर्धं सोडून जाईन. ते झालं की तुम्ही, मंग सोल्डर. याले प्रायॉरिटी म्हनते."

"अन् बेगमशी बोलताना मी आलो तर?"

"बाकड्यावर बसा."

तेवढ्यात खरंच आतून हाक आली. वासुदेवभाऊ मुकाट बाकड्यावर बसले.

*

त्या चिपमध्ये प्रायॉरिटीच्या दोनच पायऱ्या, वरची आणि खालची. वासुदेवभाऊंना सायरन, मोटर, बटणं, सगळंच वर हवं होतं. शिवाय मिलमध्ये त्यांचं नाव लाल दिव्यांच्या अक्षरांत सरकत राहायला हवं होतं. तेही वरच!

"आपलं सगळंच अर्जंट हाय," ते म्हणाले.

रशीदभाऊ म्हणाले, "लग्नात सगळेच मानाचे पाहुने झाले, तर वाढन कोन?"

पण गिऱ्हाईकाचं मन मोडवेना. सुधाकरने सगळं वर टाकलं.

*

मिलमध्ये धान वर नेणारा पट्टा होता. त्याच्या शेजारी एक दोरी. ओढली की पट्टा थांबायला हवा. पट्ट्यावर धान ओतायचं काम कौसल्याबाईंचं. आधीच्या मिलमध्ये त्यांच्या दोन बोटांची पेरं गेली होती, आणि दुसरं काम कुठे मिळत नव्हतं.

ट्रायलला त्यांनी दोरी ओढली. तेव्हा लाल नाव सरकत होतं. दोघांचाही मान सारखाच, त्यामुळे नाव पुरं होईपर्यंत चिपने दोरीकडे पाहिलंच नाही. पट्टा हातभर पुढे जाऊन थांबला.

कौसल्याबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमचं नाव पुरं होयेपर्यंत माझा हात गेला असता न."

मग बाई पट्ट्यापाशी उभ्या राहीनात, आणि घरीही जाईनात. मिलच्या दारात बसून राहिल्या.

*

सुधाकरने एकटी दोरी वर ठेवली, बाकी सगळं खाली. नाव तर पार शेवटी, चिपला दुसरं काही काम नसेल तेव्हा.

कौसल्याबाईंना नुसता तोंडी भरवसा नको होता. त्यांनी परसातला एक दोडका आणला, पट्ट्यावर ठेवला आणि तो टोकाच्या रोलरपाशी पोचायच्या आत दोरी ओढली. पट्टा जागच्या जागी थांबला. पुन्हा ठेवला, पुन्हा ओढली. सकाळ त्यातच गेली.

वासुदेवभाऊ वैतागले. "बाई, काऊन टाइम घालवून राह्यल्या?"

"पाहू द्या त्यायले," रशीदभाऊ म्हणाले. "हात त्यायचा हाय."

शेवटी बाईंनी दोडका पदरात घेतला. "साबूत हाय. याची भाजी होते," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

*

मिल सुरू करायच्या दिवशी वासुदेवभाऊंनी अर्ध्या ब्रह्मपुरीला बोलावलं होतं. नारळ फुटला. त्यांनी बटण दाबलं, पट्टा फिरू लागला, लाल नाव सरकू लागलं. पाहुणे माना वर करून नाव वाचत होते, आणि भाऊ अभिमानाने त्यांच्याकडे पाहत होते.

एकदम पट्टा थांबला. नावही अर्ध्यावरच अडकलं. कौसल्याबाईंच्या हातात दोरी होती.

भाऊ धावत आले. "काय झालं बाई? काई अडकलं काय?"

"काई नाई भाऊ. तुमच्या पाहुन्यायसमोरबी थांबते काय, ते पाहून राह्यली."

मग त्यांनी दोरी सोडली, पदर खोचला आणि धानाची पाटी उचलली.