दाजींचं नाक आणि ताईचा खोकला

मला लिहायची सवय नाही. पण दाजींच्या नाकाची गोष्ट लोक आता भलतीच सांगू लागलेत, म्हणून धीर करतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान.

आमच्याकडे वस्तीबाहेर खताचा लहानसा कारखाना आहे. सोलर पॅनेल आणि एका पवनचक्कीच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढतात, हवेतून नायट्रोजन घेतात आणि दोघांना तापवून, दाबून त्यांचा अमोनिया करतात. आसपासचे शेतकरी खतासाठी तो टाक्यांत भरून नेतात. ऊन असलं की कारखाना जोरात, ढग आले की जांभया देत बसतो.

दाजींचं काम गळती हुंगण्याचं. आतल्या खोलीत त्यासाठी यंत्र होतं, पण बाहेर टाक्या भरायच्या नळीपाशी दाजींच्या नाकावरच भरवसा. नाकाला त्यांनी इतकं डोक्यावर चढवून ठेवलं होतं की लग्नकार्यातही ते चेहऱ्याच्या दोन पावलं पुढे चालायचं.

मग एका सर्दीत वास गेला. सर्दी गेली, वास काही परतला नाही. हे कळलं तर आपल्याला फाटकावर बसवतील, या भीतीने दाजी गप्प राहिले. ताईला मात्र लगेच कळलं, कारण करपलेलं दूध ते मिटक्या मारत प्यायले. तिने कपाळावर हात मारला आणि तोड काढली. रोज डबा घेऊन ती नळीपाशी बसायची. वास आला की खोकायची, आणि दाजी नाक फेंदारून जाहीर करायचे, "वॉशर गेलाय." सगळे थक्क.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण एके दिवशी घरी पाहुण्यांसमोर दाजी म्हणून गेले की हल्ली हिच्या हाताला चव राहिली नाही. ताई काही बोलली नाही. आमची ताई बोलली नाही की समजावं, आता काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरीकडचे शेतकरी कारखाना बघायला आले. मी ताईबरोबर मागे उभा होतो. दाजी नळीला टेकून सांगत होते की हवा आपली, ऊन आपलं, पाणी आपलं, मग खतासाठी परक्याच्या तोंडाकडे का बघायचं? सांगता सांगता त्यांचे डोळे पाणावले. ते बघून पुढचे दोघे डोळे पुसू लागले. मग सगळेच. आपल्या बोलण्यात एवढी ताकद आहे हे दाजींनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी आवाज आणखी हळवा केला.

वास मलाही येत होता, पण चारचौघांत आपण कसं बोलायचं. मी ताईकडे पाहिलं. ती तोंडावर रुमाल धरून आभाळाकडे बघत होती. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"अहो, तुमच्या भाषणाला कोणी रडत नाहीये. नळी गळतेय. चला सगळे बाजूला."

कारखान्यातल्या माणसांनी नळी बंद केली. कोणाला काही झालं नाही, डोळे तेवढे लाल. मॅनेजरबाईंनी दाजींना विचारलं, वास कधीपासून येत नाही? दाजींनी ताईकडे पाहिलं.

ताई म्हणाली, "सर्दी झाली तेव्हापासून. नाक माझंच वापरतायत. वर माझ्या स्वयंपाकाला नावं."

बाई आधी खूप रागावल्या, आणि तो राग रास्तच होता. मग त्यांना हसू आवरेना. नळीपाशी नवं यंत्र बसवायचं ठरलं, आणि तोवर हुंगायला ताईला घेतलं, तेही पगार देऊन. दाजींचं नळीपाशी जाणं बंद झालं. फाटकावर मात्र बसवलं नाही. येणाऱ्या लोकांना कारखाना समजावून सांगायचं काम दिलं, कारण गळतीपूर्वीही दोघे-तिघे खरंच गहिवरले होते म्हणे. निदान दाजींचं तसं म्हणणं आहे.

आता डबा दाजी नेतात. परवा मीही जेवायला होतो. ताई भाजीत मीठ घालायला विसरली होती, आणि मीठ काही नाकाने कळत नाही, जिभेलाच कळतं. दाजींनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबले, ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज अगदी झकास झालीय."

ताई खोकली.