पाण्याची नळी

ती केस अजून मनातून जात नाही. सकाळी गॅस पेटवताना तर हटकून आठवते. बायको गेल्यापासून चहा मीच करतो, एकट्यापुरता.

निवृत्तीच्या आधी मी मोखाड्याला सहायक फौजदार होतो. खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर बाई घरात भाजून मेली. नवरा शेतावर होता. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पण दुसऱ्या दिवशी बाईचा भाऊ ठाण्यात आला.

"साहेब, हा अपघात नाय. मेव्हण्यानं गॅसची नळी बदलली न् माझी बहीण गेली. त्याला आत टाका."

नवऱ्याला चौकशीला आणला. काहीही विचारा, एकच बोले, "नळी नवी होती."

"नाटकी हाय," आमचा शिपाई म्हणाला. मला पटेना. खोटं बोलणारा बोलता बोलता समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, पटलं का म्हणून. हा फरशीकडेच बघत होता.

जप्त मुद्देमाल पुन्हा काढला. सिलिंडरकडचा नळीचा तुकडा जळाला नव्हता. गॅसची नळी रबराची, आत तारेची जाळी असते. ही पाण्याची, साधी प्लास्टिकची. काडीसारखी कडक झालेली. रेग्युलेटरवर दुहेरी तार करकचून आवळलेली, आणि तारेच्या पुढेच तडा.

"तार कोणी आवळली रे?"

"मीच. पकडीनं. गॅस निघाया नको म्हणून."

ज्याला मारायचं असेल तो तार आवळत बसत नाही.

"मग चांगली नळी काढली कशाला?"

"आखूड होती. तिला शेगडी दाराशी पाहिजे होती. म्हणायची, तुम्ही येताना दिसाल. लांब नळी बाजारात मिळं ना. मग पाण्याची आणली, जाड बघून."

तपासणीचा अहवाल तेच म्हणाला. गॅसनं तसलं प्लास्टिक कडक होतं, तडकतं. घातपात नाही. मी त्याला म्हटलं, "सुटलास. घरी जा."

"मग तिला मारली कोणी, साहेब?"

"कोणी नाही. नळी तडकली."

"नळी तर मीच आणली."

बाकावरून उठेचना. शेवटी बाईचा तोच भाऊ आत आला. त्याचा दंड धरून म्हणाला, "ऊठ. पाड्याकडची जीप जाईल."

"घरी जाऊन काय करू? दाराशी कोण हाय?"

माणूस निर्दोष आहे हे कागदावर लिहिता येतं. त्याच्या मनात ते घालायचं कलम नाही. नोकरीत एवढं एक शिकलो, आणि समजलं मात्र आता, घर रिकामं झाल्यावर.

रोज गॅसची नारिंगी नळी वाकवून बघतो. तडा नसतो. मग चहा उकळेपर्यंत दाराकडे बघत उभा राहतो.