गाडी माझ्या नावावर होती

मला सायकलसुद्धा येत नाही, पण सरकारी कागदावर मी मोटारसायकलची मालकीण आहे. आमच्याकडं तशी रीतच पडली आहे. पोरं गाडी आईच्या नावावर घेतात आणि मागच्या पत्र्यावर ‘आईची कृपा’ रंगवून आणतात. मी मुलाला म्हणाले होते, चालवणार तू, पडणार तू, नाव माझं कशाला. तो म्हणाला, शुभ असतं.

तो गेल्यावर आठ महिन्यांनी माझ्या नावानं रजिस्टर पाकीट आलं. मी चौथी शिकलेली. छापलेलं वाचता येतं, हळू लागतं इतकंच. जालन्यात एका खाजगी दवाखान्याला लागून गाड्या लावायची जागा आहे, तिथल्या ठेकेदारानं कागद पाठवला होता. तुमच्या मालकीची दुचाकी आठ महिन्यांपासून आमच्या जागेत उभी आहे, रोजच्या वीस रुपयांप्रमाणं झालेले पैसे भरून पंधरा दिवसांत घेऊन जा, नाहीतर पोलिसांत कळवून गाडी भंगारात काढू. खाली निळा शिक्का.

मी तो कागद तीनदा वाचला. पैशांसाठी नाही. गाडी सुनेच्या भावानं नेली, असं मी आठ महिने गावभर सांगत होते, म्हणून वाचला. दवाखान्यातून मुलाचे कपडे, मोबाइल आणि किल्ली त्या भावाच्या हातात दिली होती. गाडी माझ्याकडं न्हाई, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. मग गाडी शोधायला कोणी गेलंच नाही, कारण माझ्या लेखी ती सापडलेलीच होती.

पण गाडीची गोष्ट लहान. मोठं मी वेगळंच बोलले होते.

त्या दिवशी सकाळी मुलगा उठला तेव्हा त्याची छाती जड झाली होती. घाम आला होता. जालन्याला जाऊन दाखवून येतो म्हणाला. निघता निघता सुनेनं ज्वारीचा डबा गाडीला अडकवला, गिरणीवर टाकून जा म्हणाली. तो गिरणीवर गेला, डबा ठेवला आणि तिथूनच पुढं गेला. दुपारी दवाखान्यातून फोन आला. आम्ही पोचलो तर डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आला असता तर काही करता आलं असतं.

ते दोन तास माझ्या डोक्यात बसले. ते कुठं गेले, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. कोणी सांगेना, तेव्हा मीच ठरवलं. गिरणीवर लाइट नसेल, नंबर असेल, दळणासाठी थांबला असेल. गिरणीवाल्याला विचारायला मी गेले नाही. दहाव्याला आलेल्या बायांपुढं मी सरळ म्हणाले, ‘‘दळणापायी नवरा घालवला हिनं.’’

ते वाक्य गावाला आवडलं. छोटं होतं. महिन्याभरात शेजारच्या गावातून येणाऱ्या बायासुद्धा ते बोलायला लागल्या. सून पाणी भरायला गेली तरी मागून ऐकू यायचं. दुसऱ्या महिन्यात ती मुलीला घेऊन अंबडला माहेरी गेली. नात तेव्हा दुसरीत होती. तिकडच्या शाळेत बसवली, पण शाळा सोडल्याचा दाखला आमच्या गावच्या शाळेत होता. मी हेडमास्तरांना जाऊन सांगितलं, दाखला द्यायचा नाही, पोरगी आमची आहे. हेडमास्तर गावाला धरून राहणारा माणूस. त्यानं आज देतो उद्या देतो करत तो अडवून ठेवला. मला वाटत होतं, दाखल्यावाचून तिसरीच्या वेळी अडेल आणि सून झक मारत नात आणून सोडेल. मुलाचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं.

पुतण्याला कागद दाखवला. त्यानं उलटा सुलटा करून पाहिला.

‘‘मोठीआई, यावर कोर्टाचा शिक्का हाये का? न्हाई. प्रायवेट मान्साच्या कागदाला भ्यायचं न्हाई. चुलीत घाल.’’

‘‘पोलिसांत कळवतो म्हणतो.’’

‘‘कळवू दे. तू काय गाडी चालवत गेल्तीस का? म्हणायचं, मला म्हाईत न्हाई कोणी लावली.’’

‘‘मला माहीत आहे ना कोणी लावली.’’

‘‘तेच तर म्हणून राह्यलो. तू लई खरं बोलती.’’

तो मस्करीत बोलला, पण मला ते लागलं. मी दुसऱ्या दिवशी आरसी बुक पिशवीत टाकलं आणि सकाळच्या एसटीनं जालन्याला गेले.

जागा म्हणजे दोन इमारतींच्या मधला पट्टा. वर पत्रे, आत दुचाक्या एकीला एक चिकटून. तोंडाशी टेबल टाकून ठेकेदार बसला होता, चाळिशीचा, हातात अंगठ्या. मी कागद पुढं ठेवला.

‘‘आजी, पुस्तकावर नाव कोणाचं?’’

‘‘माझं.’’

‘‘मंग भरा.’’

‘‘गाडी मी लावली नाही. जो लावून गेला त्याला माग.’’

‘‘बराबर. आणा त्याला.’’

‘‘तो जळाला. इथंच मेला तुझ्या शेजारच्या दवाखान्यात, त्याच दिवशी.’’

त्यानं टेबलावरचं पेन सरळ केलं. ‘‘वाईट झालं. पर आजी, माझा कायदा साधाय. लावणारा सापडला न्हाई, तर ज्याच्या नावावर गाडी त्यानं जबाब द्यायचा. मी काय वर जाऊन वसूल करू?’’

‘‘आठ महिने तू काय करत होतास? पहिल्या महिन्यात कागद पाठवला असतास तर?’’

‘‘नंबरावरून मालक काढायला एजंट लागतो, त्याचा खर्चा येतो. एकेका गाडीसाठी कोण करतंय. बारा गाड्या पडल्या तवा एकदम काढले.’’

बारा गाड्या. बाकीच्या अकरांचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

मी म्हणाले, पहिल्यांदा गाडी दाखव, कधी लावली ते दाखव, मग पैशांचं बोलू. त्यानं आतल्या म्हाताऱ्याला हाक मारली. तो माझ्याच वयाचा, खाकी शर्ट, गळ्यात पावत्यांची पिशवी. त्यानं मला मागच्या भिंतीजवळ नेलं. गाडी होती. दोन्ही टायर बसलेले, सीटवर कबुतरांची घाण. मग त्यानं टेबलाखालून जुनी वही काढली आणि बोट फिरवत फिरवत पान लावलं. नंबर बरोबर होता. पुढं वेळ लिहिली होती, नऊ वाजून दहा मिनिटं.

मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं. नऊ दहा. तो घरून सव्वाआठला निघाला होता, आणि आमच्या गावाहून जालन्याला गाडीवर पाऊण तास लागतो. म्हणजे गिरणीवर तो डबा ठेवण्यापुरताच थांबला होता. आणि दवाखान्याच्या कागदावर त्याला आत घेतल्याची वेळ होती साडेअकरा. ती मला पाठ होती.

‘‘इथून दवाखान्याचं दार किती लांब आहे?’’ मी विचारलं.

‘‘हे काय, दिसतंय की. पन्नास पावलं.’’

‘‘मग सव्वादोन तास तो कुठं होता?’’

म्हाताऱ्यानं वही मिटली. ‘‘तुमी त्याच्या कोण?’’

‘‘आई.’’

तो मला सांगायला तयार नव्हता. ठेकेदाराकडं बघत होता. मी म्हणाले, मी रडणार नाही, सांग. तेव्हा त्यानं भिंतीला लागून असलेला सिमेंटचा कट्टा दाखवला.

‘‘हितं बसून राह्यले व्हते. मी म्हणलं, भाऊ, तोंड पांढरं पडलंय, आत जा. तर म्हणले, पित्तय. आईनं ओवा आन् गरम पाणी दिल्तं. आई म्हणली, एकदा वकारी झाली की मोकळं व्हतंय, उगं डॉक्टरच्या भरी पडू नको. मंग थोडं बसतो म्हणले, वकारी झाली तर तसंच घरी जातो. मी पाणी दिलं. दोन बार दिलं. वकारी काय झाली न्हाई. मंग एकदम कलंडले. आमीच उचलून नेलं.’’

ओवा मी दिला होता. वाक्यसुद्धा माझंच होतं, शब्दाला शब्द. आमच्याकडं छातीत दुखलं की पित्त. माझ्या सासूनं मला हेच सांगितलं, मी मुलाला सांगितलं. पन्नास पावलांवर डॉक्टर होता आणि हा माझं ऐकून उलटीची वाट बघत बसला.

कट्ट्यावर दोन बायका डबा खात बसल्या होत्या. मी तिथं गेले नाही. ठेकेदारापाशी आले आणि कमरेची पिशवी सोडली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, काय समजला कोण जाणे, निम्मेच घेतले आणि पावती फाडली. पावतीवर विचारून माझं नाव घातलं. गाडी न्यायला पुतण्याला पाठवते, एवढंच मी बोलले.

परत गावाला जाणारी बस अंबडवरूनच जाते. मी अंबडला उतरले. वाटेत एक विचार आला, तो लिहून ठेवते. हे त्या म्हाताऱ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी पावती फाडून टाकली असती आणि तोंड उघडलं नसतं, तर दोष सुनेवरच राहिला असता आणि नात मला मिळाली असती. स्टँडवर मी बराच वेळ बसले. मग उठले.

ईहीणबाईंनी मला दारात पाहिलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच होतं. सून आत मशीनवर ब्लाऊज शिवत होती. नात शाळेत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, नऊ दहा, कट्टा, ओवा, माझं वाक्य. गाडी तुझ्या भावानं नेली नाही, हेही सांगितलं.

सून ऐकत होती. तिनं मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं.

‘‘आत्याबाई,’’ ती म्हणाली, ‘‘मला हे म्हाईत व्हतं.’’

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘पित्ताचं. त्यांनी कट्ट्यावरून मला फोन केल्ता. म्हणले, आई म्हणती ते खरं असंल, उगं पैसे घालवत न्हाई. मी म्हणलं, आत जा. दोनदा म्हणलं.’’

‘‘मग तू बोलली का नाहीस?’’

‘‘दहाव्याला? सगळ्यांपुढं? तुमचा लेक गेल्ता. मला वाटलं तुमी आपूनच गप व्हाल. तुमी झाल्याच न्हाईत.’’

ईहीणबाई मधेच म्हणाल्या, ‘‘माझ्या लेकीनं तोंड शिवून घेतलं, आन् हिनं गावाला वाटलं.’’

मी सुनेला म्हणाले, घरी चल. तिनं मान हलवली, नाही.

‘‘मला यायचं न्हाई. दोन कामं करा. जे मला सांगितलं ते गिरणीवर जाऊन सांगा, बाया असतील तवा. आन् पोरीचा दाखला सोडा.’’

मी किल्ली मागितली, गाडी आणायला लागणार होती. तिनं कपाटातून काढून दिली.

मंगळवारी आमच्या गिरणीवर गर्दी असते. मी गेले, डबा नव्हता बरोबर. सात आठ बायका होत्या. मी सांगितलं. गिरणीचा आवाज मोठा, म्हणून गिरणीवाल्याला पट्टा काढायला लावला आणि पुन्हा सांगितलं. एक जण म्हणाली, जाऊ द्या माय, झालं ते झालं. दुसरी म्हणाली, लेकाच्या दुःखात तुमी काय बोलून राह्यल्या, तुमालाच कळंना. त्यांना मी खोटी वाटत होते. सुनेनं काहीतरी करणी करून मला फिरवलं, असंही मागाहून कानावर आलं. पहिलं वाक्य त्यांनी ठेवून घेतलं होतं, दुसरं नको होतं. ‘दळणापायी’ अजून म्हणतात. मी समोर असले की म्हणत नाहीत, एवढाच फरक.

बुधवारी शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, ‘‘काकू, तुमीच म्हणल्या व्हत्या अडवा म्हणून. एकदा दाखला गेला की पोरगी गेली, समजा.’’

मी म्हणाले, लिहा.

त्यांनी रजिस्टर काढलं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यापाशी ते थांबले आणि माझ्याकडं बघू लागले. मी ‘आईजवळ राहण्यासाठी’ असं घालायला सांगितलं. सही घेतली, शिक्का मारला. तो कागद मी दुपारच्या बसनं अंबडला नेऊन दिला. नात अंगणात होती. आजी, तू राहणार का, तिनं विचारलं. मी नाही म्हणाले आणि परतीच्या बसला आले.